आपण, मी धरून

२ सप्टेंबर, सोमवार
नवीन शहर, नवीन नोकरी, नवीन खोली. खोलीत एक खिडकी, एक खुर्ची, एक टेबल. टेबलाचा एक पाय आखूड. त्याखाली कागदाची घडी सरकवली. टेबल आता लेव्हलमध्ये आहे.
संकल्प: बाहेर खाणं, मित्रमंडळी, भटकंती. निघताना आई म्हणाली होती, तू कुणाला बोलावत नाहीस, कुणाकडे जात नाहीस. तिथे एकटी पडलीस तर गुपचूप परत ये. एकटं पडण्याचा प्रश्नच नाही. मी फक्त कुणाच्या मागे लागत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३ सप्टेंबर, मंगळवार
लॅबमध्ये आम्ही चौघं. कारखान्यांची मोजमापाची साधनं बरोबर मोजतात की नाही, ते तपासतो. एक टेबल वजनाचं, एक तापमानाचं, एक दाबाचं, चौथं माझं, लांबीचं. इथे माणसाला टेबलावरून ओळखतात. त्यामुळे मी लांबी मॅडम. वजनवाली माझ्याच वयाची आहे. म्हणाली, नाव शोभतंय, लांबच बसलात की. सगळे हसले. मी टेबल जवळ घेतलं नाही. हलवलं की पुन्हा सगळी जुळवाजुळव.

५ सप्टेंबर, गुरुवार
महत्त्वाची नोंद. डबा खाताना तापमानवाला म्हणाला, शहराबाहेरचं तळं झकास आहे, वारा असतो, आइस्क्रीमची गाडी असते, आपण जाऊ या कधीतरी.
आपण. आम्ही नव्हे. हे दोन शब्द वेगळे ठेवलेत ते उगाच नाही. ऐकणाऱ्याला वगळायचं असेल तर आम्ही, धरायचं असेल तर आपण. मी ऐकत होते. म्हणजे मी धरून. तारीख तेवढी बाकी आहे. तत्त्वतः सहल ठरली.
आईला फोनवर कळवलं, ग्रुप जमला. तिने विचारलं, किती जण? चार, मी धरून.

८ सप्टेंबर, रविवार
सकाळपासून तयार. बूट घालून बसले. फोन वाजला नाही. बंद करून पुन्हा चालू केला. फोनमध्ये दोष नाही. मीच फोन करू शकले असते, पण ते मागे लागण्यात मोडतं.
दुपारी कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले. ग्रुपला कधी आणायचं झालं तर आधी पाहणी हवी. वेटरने विचारलं, किती जण? येताहेत, म्हटलं. त्याने मोठं टेबल दिलं, पाण्याचे चार ग्लास ठेवले. सूप चांगलं, मिरी सढळ हाताने. पाव कालचा. तळलेला मासा उत्तम. त्याचे काटे काढायला एकाग्रता लागते, आणि समोर बोलणारं कुणी नसलं की ती मिळते. टेबलाचा फोटो काढला. बिल देताना वेटर म्हणाला, ट्रॅफिक असेल. मी म्हटलं, हो, तिकडे फार असतो.

९ सप्टेंबर, सोमवार
तापमानवाला आल्या आल्या म्हणाला, आम्ही काल तळ्यावर जाऊन आलो, धमाल.
आम्ही. शब्द नीट ऐकला. निष्कर्ष: सहली दोन आहेत. 'आम्ही'ची झाली, 'आपण'ची व्हायची आहे. कालची बहुधा चाचणी असावी. वजनवाली म्हणाली, तुम्हाला विचारणार होतो हो, पण तुम्ही बिझी दिसता. मी हो म्हटलं. बिझी असणं मानाचं आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार
आईने ग्रुपचा फोटो मागितला. रविवारचा पाठवला. तिने विचारलं, ग्लास दिसले, माणसं कुठायत? मी लिहिलं, फोटो काढताहेत. तिने विचारलं, तिघंही?
नेटवर्क गेलं असं ठरवलं.

१६ सप्टेंबर, सोमवार
आई शनिवारी येतेय. रविवारी ग्रुपला जेवायला बोलवायचं, स्वयंपाक ती करणार. म्हणाली, खरं काय ते मला एका पंगतीत कळेल. कुणी नसलं तर तुझी बॅग मीच भरीन. मला हसू आलं. म्हणजे, हसल्यासारखा आवाज केला.

१७ सप्टेंबर, मंगळवार
आमंत्रण दिलं. वाक्य आधी तयार केलं होतं. डबा खाताना, तिघंही हजर असताना, स्वच्छ आवाजात सांगितलं: रविवारी दुपारी एक वाजता माझ्याकडे जेवण आहे, आई येतेय. तापमानवाला म्हणाला, अरे वा, मजा आहे. दाबवाला म्हणाला, आईच्या हातचं, नशीब काढलंत. वजनवालीने मेनू विचारला. तिन्ही प्रतिसाद अनुकूल.

२० सप्टेंबर, शुक्रवार
घरमालकिणीकडून तीन खुर्च्या आणल्या. तिने विचारलं, काय विशेष? म्हटलं, ग्रुप येतोय. हे वाक्य उच्चारायला बरं वाटतं.
निघताना वजनवाली म्हणाली, रविवारी मजा करा. करा. करू या नव्हे. थोडा विचार केला. घाईत क्रियापदाचं टोक तुटतं माणसाच्या तोंडून.

२१ सप्टेंबर, शनिवार
आई आली. दोन पिशव्या भाज्या, स्वतःचा कुकर. झाडताना टेबलाखालची कागदाची घडी कचरा म्हणून फेकली. टेबल डुगडुगतंय. तिने फ्रिज उघडला, एक अंडं आणि अर्धं लिंबू बघितलं, आणि आणलेल्या भाज्या आत रचल्या.

२२ सप्टेंबर, रविवार, दुपारी दोन
कुणीही आलेलं नाही. भाजी दोनदा गरम झाली. मी म्हटलं, ट्रॅफिक असेल. आईने ओढणीला हात पुसले आणि विचारलं, तू त्यांना या म्हणालीस का?
मी म्हटलं, सांगितलंय ना, जेवण आहे म्हणून. ती म्हणाली, अगं, जेवण शेजाऱ्यांकडेही रोज असतं, आपण जाऊन बसतो का? या म्हणालीस का?
वाक्य आठवून पाहिलं. स्थळ होतं, वेळ होती, कारण होतं. तो शब्द नव्हता.
तिने माझा फोन घेतला. तिघांनाही एकच ऐकवलं: मी हिची आई बोलतेय, जेवायला या, भात निवतोय.

दुपारी चार
तिघंही आले. एक जण तर केस ओलेच घेऊन. वजनवाली दारातच म्हणाली, आम्हाला वाटलं तुमचं घरगुती काहीतरी आहे. एका शब्दाने बोलवायचं तरी! तापमानवाला भातावर हात धरून म्हणाला, काकू, अजून वाफ आहे, निवला कुठे? दाबवाल्याने तीनदा भाजी घेतली आणि कुकरची शिट्टी सैल आहे म्हणून जागच्या जागी घट्ट करून दिली. वजनवालीने टेबलाच्या पायाखाली रुमाल सारला. मी दोनदा हसले, त्यातलं एकदा दात दिसले. वाढता वाढता आई माझ्या कानात म्हणाली, माणसं चांगली आहेत गं, राहा इथेच. बॅगेचा प्रश्न निकालात.
मग तापमानवाला म्हणाला, काकू, आपण तळ्यावर जाऊ या. आईने विचारलं, कधी? तो म्हणाला, कधीही. आई म्हणाली, मग आत्ताच चला. सगळे उठले.
आपण. पण या शब्दाचा मला अनुभव आहे. ज्या साधनाने एकदा चूक दाखवली, त्याच्यावर तपासल्याशिवाय विसंबायचं नसतं. शिवाय तो बोलताना आईकडे बघत होता. मी म्हटलं, मी भांडी बघते. आई म्हणाली, भांडी काय पळून जाताहेत? नाही, म्हटलं, पळत नाहीयेत. तिने चपला घातल्या. वजनवाली बुटांची नाडी बांधायला बराच वेळ घेत होती. मग जिन्यातून हाक आली आणि दार लागलं.

संध्याकाळी साडेपाच
भांडी झाली. खुर्च्या परत केल्या. घरमालकिणीने विचारलं, ग्रुप कुठाय? म्हटलं, फिरायला गेलाय.
आईचा फोटो आला. तळं. चौघांच्या हातात आइस्क्रीम, घशाच्या भीतीने थंड पाण्यालाही न शिवणाऱ्या आईच्यासुद्धा. खाली लिहिलंय, आम्ही पोचलो. तू का नाही आलीस?
आम्ही. इथे चूक काढायला जागा नाही.
चौघंही फोटोत आहेत. म्हणजे काढणारा पाचवा, वाटेवरचा कुणीतरी. त्याला आईने नक्की म्हटलं असणार, अहो, जरा इकडे या.
उत्तर लिहिलं: मला कुणी ये म्हटलं नाही. पुसलं.
लिहिलं: मलाही यायचं होतं. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. पुसलं.
पाठवलं: भांडी झाली.