दुसरं निळं वस्त्र

पनवेल,
रविवार, १७ फेब्रुवारी १९६३

चि. सौ. चंद्रावतीस,

वेणूताईचे अनेक आशीर्वाद. कमळाकररावांना नमस्कार सांग. उरण इथून सोळा मैल. तरी लग्नानंतरच्या सहा वर्षांत तुझं एकही उत्तर आलं नाही, तेव्हा ते बैलगाडीने निघालं असावं असं मी धरून चालते. मी खुशाल. संस्कृतला यंदा नऊ मुली आहेत. पैकी दोन जाग्या असतात.

बातमी अशी की मंगळवारी आमच्या शाळेत मंगोलियाच्या बायका येऊन गेल्या. हसू नकोस. पुण्याला जाताना त्यांची मोटार चहापुरती थांबणार होती, तेव्हा नगराध्यक्षांनी सत्कार ठरवला. बौद्धांचा देश म्हणजे संस्कृत येणारच, हा त्यांचा कयास. म्हणून स्वागत माझ्याकडे. मीही शहाणी, चार श्लोक रचून नेले. पाहुण्यांनी ते ज्या शांतपणे ऐकले, तो शांतपणा मला वर्गात रोज भेटतो.

त्यांतली एक दुल्मा. माझ्याच वयाची, उन्हाने तांबूस झालेले गाल, पायघोळ झगा, कमरेला पिवळा पट्टा. चार मुलांची आई, तिकडच्या लोकसभेची सभासद, आणि उन्हाळी जत्रेत तिरंदाजीचं बक्षीस मिळवलेली. दिल्लीचा दुभाषी हे हिंदीत सांगत होता.

"खेळायला यांना परवानगी कुणी दिली?" नगराध्यक्षांनी विचारलं. दुल्माला प्रश्नच कळेना. दुभाष्याने पुन्हा समजावला. मग ती म्हणाली, "धनुष्य आईचं होतं. तिनेच हातात दिलं."

सगळे हसले. शाळेतली शिपाईण हौसा माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, ही तर आपल्यासारखीच हाय. लुगडं नाय तेवढंच." मला हसू आलं नाही. आईमागे तुझी आई मीच होते ना.

चहा पिताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या मंगळवारावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "अंगारक." ती दचकलीच. "अंगारग!" त्यांच्याकडे वारांची जुनी नावं आपलीच आहेत, लामांनी नेलेली. मी सोम म्हणे, ती सुमिया; मी बृहस्पती, ती बर्हस्बदी. असा आम्ही अख्खा आठवडा पुरा केला. सातच शब्द, पण शाळेबाहेर इतकं बोलणं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

मग तिने दुभाष्याकडून विचारलं, घरी कोण असतं?

"धाकटी बहीण," मी म्हटलं. "खो-खो खेळते." खोटं बोलायला मला एरवी तयारी लागते. हे आपसूक आलं.

तिने पिशवीतून निळी रेशमी वस्त्रं काढली. त्यांच्याकडे मानाच्या माणसाच्या दोन्ही हातांवर ती ठेवतात. एक मला दिलं. दुसरं पुढे केलं: "खेळणाऱ्या बहिणीला."

चंद्रे, खो-खोच्या संघातल्या तुझ्या निवडीचं पत्र उशिरा आलं नव्हतं. अलिबागला हजर व्हायच्या नऊ दिवस आधी दयाराम पोस्टमनने ते माझ्या हाती दिलं. मी ट्रंकेत घातलं आणि तारीख उलटल्यावर, 'आजच आलं' म्हणून, पाकीट न दाखवता बाहेर काढलं. तू दयारामला नाही नाही ते बोललीस. मी शेजारी उभी राहून ऐकलं. पत्र पुन्हा ट्रंकेत गेलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तू तिच्यातून आईचा शालू काढलास. नंतर पाहिलं तर पाकीट उलटं पडलं होतं, मागच्या टपालाच्या शिक्क्यातली पोचेची तारीख उघडी. तू बोलली नाहीस. मीही नाही.

लोक काय म्हणतील, हे नुसतं निमित्त. अलिबागहून तू नागपूरला जाशील, तिथून आणखी कुठे, आणि मी एकटी उरेन, एवढंच भय होतं. एवढा बंदोबस्त करूनही उरलेच.

काल दयारामच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "मला म्हाईत होतं, बाई. टपाल मीच दिलं नाय का तुमच्या हाती?" आठ वर्षं बोल सोसले त्याने. पुढे म्हणाला, "आता तिलाबी सांगा."

म्हणून ते पत्र सोबत जोडलं आहे. वस्त्र मात्र टपालाने धाडणार नाही. ते दोन्ही हातांवर द्यायचं असतं. उरणची शेवटची एस.टी. सातला येते. दिवा लागलेला असेल.

तुझं पत्र आठ वर्षं अडवून बसलेली,
वेणू

(इथे सहीत 'ताई' मुद्दाम लिहिलं नाही. ते म्हणायचं की नाही, तू ठरव.)