रिग मोडायची नाही

मी, खाली सही करणारी, राहणार याच घरात, धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल (आता बंद), जिला या भागातल्या निम्म्या बायका आणि त्यांचे नवरेसुद्धा 'क्लचबाई' म्हणून ओळखतात, ती मी आज माझे शेवटचे आणि पहिलेच मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांना गाडी मीच शिकवली, त्यामुळे माझ्या डोक्याबद्दल त्यांचं मत फार जुनं आहे. उद्या माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मी घाबरलेली नाही, पण सामान आवरून ठेवायची मला सवय आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणण्याचा प्रयत्न आयुष्यात एकाच माणसाने केला, आणि लग्नानंतर लवकरच त्यांनी तो नाद सोडला.

मृत्युपत्र करायचं खरं कारण एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. माझ्या मागच्या खोलीत रेसिंगची रिग आहे. म्हणजे सीट, स्टीअरिंग, पेडल आणि पुढे स्क्रीन. त्यात बसून कम्प्युटरवरच्या ट्रॅकवर गाडी चालवायची. माझे चिरंजीव तिला 'आईचं लोखंड' म्हणतात. माझ्या पश्चात ते सुटं करून विकायचं आणि खोलीत पाहुण्यांसाठी पलंग टाकायचा, असं त्यांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं आहे. तसं झालं तर माझी सून पुन्हा कधी स्टीअरिंगला हात लावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम १. राहते घर. हे घर मी व माझे दिवंगत पती यांनी स्वकष्टाने बांधले असून त्यावर कोणाचाही बोजा नाही. ते माझ्या पश्चात मुलगा व मुलगी यांना समसमान मिळावे. अपवाद मागच्या खोलीचा. ती खोली, तिचं कुलूप आणि दोन्ही किल्ल्या माझ्या सुनेच्या. ती हयात असेपर्यंत तिथे कोणी कपाट, इस्त्रीचे कपडे किंवा पाहुणे आणून टाकू नयेत.

कलम २. बँकेतली शिल्लक हॉस्पिटलचं बिल भागवून मुलीला द्यावी. सोन्याच्या बांगड्याही तिच्याच. त्या स्टीअरिंगवर आपटतात म्हणून मी केव्हाच काढून ठेवल्या, कपाटात वरच्या फळीवर आहेत. मुलगी म्हणेल, मला काही नको. तिने नको म्हणू नये. माझे ठोके चुकायला लागले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा मी जेवणखाण सोडल्यात जमा होते. सगळे माझी समजूत घालत बसले होते. मुलगी मात्र एक खोकं घेऊन आली. आत लहान मुलांच्या खेळण्यातलं वाटावं असं प्लॅस्टिकचं स्टीअरिंग होतं. वळवलं की मिक्सर लावल्यासारखा खडखडाट व्हायचा. पेडल फरशीवर इतकी घसरायची की मी ती भिंतीला टेकवून बसायचे. तिथला रंग गेला आहे, तो तसाच राहू द्यावा. त्या खेळण्यावर मी पहिल्यांदा एक वळण नीट घेतलं आणि उठून पोटभर जेवले. हे उपकार मी विसरलेली नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीनेच करावी.

कलम ३. डायनिंग टेबल. याचे तीन पाय शाबूत आहेत, चौथा माळ्यावर आहे. खेळण्यातल्या स्टीअरिंगचा कंटाळा आल्यावर मी दुकानात गेले आणि आधी चांगली पेडल दाखवा म्हटलं. दुकानदार म्हणाला, आजी, पेडलमध्ये काय ठेवलंय, खरी मजा स्टीअरिंगच्या मोटरमध्ये, ती खऱ्या गाडीसारखे हिसके देते. त्याने दुकानातली सर्वांत ताकदवान मोटर माझ्या गळ्यात मारली. ती कशावर बसवणार हे त्यानेही विचारलं नाही. आम्ही ती डायनिंग टेबलाला आवळली. मी गाडी पहिल्याच वळणावर कडेच्या दगडांवरून नेली, मोटरने असा काही हिसका दिला की टेबल जागचं हललं आणि त्याचा पाय निखळला. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चिरंजीव जेवत होते. सगळं ताट त्यांच्या मांडीवर गेलं, ऑफिसच्या पँटवर. 'लोखंड' हा शब्द त्या दिवसापासून सुरू झाला. राग आईचा नाही, पँटचा आहे, एवढं त्यांनी लक्षात घ्यावं.

तो मोडका पाय दुकानदाराला आठवण म्हणून द्यावा, असं मी इथे लिहिलं होतं. वकीलबाईंनी ते खोडायला लावलं. कारण पुढे सह्यांच्या ठिकाणी कळेल.

कलम ४. रिग. हे कलम नीट वाचावं, कारण अशी रिग दुसऱ्या कोणाकडे नाही. पैसेवाल्यांकडे महाग असेल, पण अशी नाही.

टेबल मोडल्यावर मी स्वतःच्या डोक्याने चालायचं ठरवलं. गाडी शिकवताना मी प्रत्येकीला सांगायचे, आधी बूड, मग पाय, मग हात, सगळ्यात शेवटी डोळे. रिगही त्याच क्रमाने उभी केली. सांगाड्यासाठी ह्यांचा लोखंडी पलंग कापला. वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीने तो कापून असा जोडला आहे की मी दोन्ही पायांनी ढकललं तरी करकर होत नाही. मुलगा म्हणाला, बाबांचा पलंग कापलास? मी म्हटलं, ते असते तर पाना घेऊन शेजारी बसले असते. तसेच होते ते.

सीट माझ्या स्कूलच्या गाडीची आहे. गाडी भंगारात गेली तेव्हा मी सीट काढून घेतली होती, तीही ड्रायव्हरची नाही, शेजारची. सगळं आयुष्य मी त्या सीटवर बसून दुसऱ्यांना चालवायला शिकवलं. माझी पाठ तिलाच ओळखते. तिच्यात बसून आता मी स्वतः चालवते, यात मला किती मजा येते ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही, तरी लिहिते.

मग पेडल घेतली. ब्रेक असा घेतला की पाय किती खाली गेला ते तो बघत नाही, किती जोर लावला ते बघतो. खऱ्या गाडीत पाय हेच शिकतो. आत रबराचे तुकडे घालून तो स्कूलच्या गाडीइतका कडक करून घेतला आहे. तो सैल करू नये. त्या पेडलनंतर माझे लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, इतके सुधारले की तीच जुनी मोटर मला नवी वाटायला लागली. स्क्रीन सर्वांत शेवटी बदलली. पुढे काही घ्यायचं झालं तर सुनेने दोन बाजूंना आणखी दोन स्क्रीन घ्याव्यात, म्हणजे शेजारून येणारा दिसतो. गाडी आडवी करून मिरवायचा हँडब्रेक घेऊ नये. तो चाळा आहे.

ही रिग सीट, मोटर, पेडल, स्क्रीन आणि ह्यांच्या पलंगासकट, एकही बोल्ट न काढता, मी माझ्या सुनेला देते. सीट मागे घ्यायला परवानगी आहे, तिचे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत.

कलम ५. सुनेला का, याचा खुलासा. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीला भुरळ घातली.

माझ्या सुनेकडे लग्नाआधीपासून लायसन्स आहे. लग्नानंतर एकदा ती फाटकातून गाडी मागे काढत होती. माझा मुलगा शेजारी बसला होता आणि सारखा ओरडत होता, थांब, थांब, अगं थांब. तिने कोणत्या थांबला थांबायचं? गाडी फाटकाच्या खांबाला घासली. मुलाने किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, "तू राहू दे." तेवढंच. रागाने नाही, अगदी प्रेमाने म्हणाला, तेच वाईट झालं. रागाने म्हणाला असता तर ती भांडली तरी असती. त्यानंतर ती ऑफिसला बसने जाते, आणि गाडी मुलगा असेल तेव्हाच फाटकाबाहेर पडते. क्लचबाईच्या घरात हे घडलं. मी तेव्हा दोघांनाही खडसावलं, पण ओरडण्यावर ओरडणं हे काही औषध नव्हे.

रिग उभी राहिल्यावर ती चहा घेऊन यायची आणि दाराशी थांबायची. एके दिवशी म्हणाली, आई, तुम्ही त्या शेवटच्या वळणाला ब्रेक फार लवकर मारता. मला, मला म्हणाली हे. मी उठले आणि तिला बसवलं. ती निघाली आणि थेट भिंतीत गेली. मी काही बोलले नाही. ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली, मी कधी ओरडते याची वाट बघत. मी चहा पीत राहिले. चहा संपत आला तेव्हा तिने हळूच विचारलं, "आई, परत जाऊ?"

मी इतक्या बायकांना गाडी शिकवली, पण कोणाचा प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला नव्हता.

ती परत गेली. रोज ऑफिसातून आली की चप्पल काढून थेट मागच्या खोलीत. मुलगा येईपर्यंत तास-दीड तास तिचा. त्याला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं नव्हतं. तिने सांगितलं नाही, मीही नाही. आज तिचा लॅप माझ्यापेक्षा सरस आहे. मी वय झालं म्हणून मागे पडलेली नाही, हे स्पष्ट नमूद करते. मी आजही माझ्या सर्वोत्तम वेळेच्या जवळ चालवते. ती पुढे गेली ती तिच्या पायामुळे. तिचा पाय ब्रेकवरून जसा अलगद सुटतो, तसा मला कोणाला शिकवता आला नाही. मला तिचा अभिमान वाटतो. मुलीचा वाटतो तितकाच, आणि हे मुलीला चालेल.

कलम ६. लीगमधली जागा. आम्ही ऑनलाइन लीगमध्ये शर्यती खेळतो. माझं तिथलं नाव क्लचबाईच आहे. माझी जागा माझ्याबरोबर संपली असं समजावं, सुनेला तिची गरज नाही. तिने स्वतःचं नाव नोंदवलं आहे, आणि ते तिने निवडलं आहे 'राहू दे'. मी आधी खूप हसले, मग मला तो फाटकाचा खांब आठवला. या हंगामाच्या तक्त्यात पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं आहे, राहू दे. दुसऱ्यावर याच भागातले एक दातांचे डॉक्टर आहेत. ते मला एकदा भर शर्यतीत 'आजी, बाजूला व्हा' म्हणाले होते. त्यांचा हिशेब सुनेने परस्पर चुकता केला असल्याने माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार उरलेली नाही.

कलम ७. हे देता येत नाही, मागते. फाटकात उभी असलेली गाडी माझ्या मुलाची आहे. तिची किल्ली माझ्या मालकीची नसल्याने मृत्युपत्राने कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. म्हणून, बाळा, आई म्हणून मागते. ती किल्ली तिला दे. पहिल्या दिवशी तू मागच्या सीटवर बस आणि परत घरी येईपर्यंत तोंड उघडू नकोस. मी तुला स्वतः गाडी शिकवली. शिकवताना मी तुझ्यावर कधी ओरडले असेन तर आठवून सांग. नाही आठवणार.

सही करण्यापूर्वीची भर. वरील मजकूर वकीलबाईंनी माझ्या सांगण्यावरून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. वाचन सुरू होण्याआधी साक्षीदार म्हणून सही करायला मुलगा पेन काढून तयार बसला होता. वकीलबाईंनी त्याला थांबवलं. साक्षीदाराला, किंवा साक्षीदाराच्या बायकोला, मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर ते देणं रद्द होऊ शकतं. म्हणजे त्याने सही केली असती तर त्याच्या हिश्श्याबरोबर सुनेची रिगही हातची गेली असती. आम्हाला असे दोन साक्षीदार लागत होते ज्यांना मी काही देणं लागत नाही. ते शोधायला मला वेळ लागला नाही. दुकानदार आणि दातांचे डॉक्टर दोघेही बोलावल्यावर आले, हे त्यांच्या चांगुलपणाचं लक्षण आहे, आणि ते मी मान्य करते.

कलम ६ वाचून झालं तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, 'राहू दे' म्हणजे यांच्यातल्या नक्की कोण? मी सुनेकडे बोट दाखवलं. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, बाई, ते शेवटचं वळण तुम्ही घेता कसं, एकदा दाखवाल का? सून लाजली, पण तिने दाखवलं. रिगमध्ये बसली आणि सगळ्यांसमोर तीन लॅप मारले. मुलगा तिच्या मागे उभा होता. तो स्क्रीनकडे बघत नव्हता, तिच्या पायांकडे बघत होता.

मग वकीलबाईंनी कलम ७ वाचलं. ऐकून तो खोलीबाहेर गेला. मला वाटलं, चिडला. तो परत आला आणि त्याने किल्ली तिच्यापुढे स्टीअरिंगवर ठेवली.

"उद्या आईला हॉस्पिटलमध्ये तू ने," तो म्हणाला. "मी मागे बसतो."

सुनेने किल्ली उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, जा, गाडीचे आरसे लावून घे.

तेव्हा कलम ७ मधली मागणी माझ्या हयातीतच पूर्ण झाली असल्याने ते रद्द समजावे. बाकी सर्व कलमे कायम. उद्या मी पुढे, तिच्या शेजारी बसणार आहे. स्कूलच्या गाडीत असायचा तसा माझ्या पायाखाली ब्रेक त्या गाडीत नाही, आणि मला तो लागणारही नाही.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली.
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची, वर शिक्क्यात आहे तीच.

लिहून ठेवणार: क्लचबाई. सही माझ्या हातची आहे व हात स्थिर आहे.

साक्षीदार १: दुकानदार. समक्ष सही झाली. पेडल आधी घ्यायला हवी होती, हेही मान्य.

साक्षीदार २: दातांचे डॉक्टर. समक्ष सही झाली. सध्या दुसरा क्रमांक.