पाण्याखाली भुवया उडवू नयेत

दाउइन, नेग्रोस बेट,
फिलिपिन्स

तीर्थस्वरूप सौ. अक्कास विशूचा शिरसाष्टांग नमस्कार. दाजींनाही सांग. आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त माझ्या कानात अजून थोडा समुद्र शिल्लक आहे. त्यामुळे परवा फोनवर तू जे ओरडलीस त्यातलं निम्मं मला ऐकू आलेलं नाही. (जे ऐकू आलं त्यावरून उरलेलं राहिलं तेच बरं.) तुझी पाठ आता कशी आहे? दाजींची साखर? आईचे गुडघे आणि त्या गुडघ्यांवर बाबांचे सल्ले, दोन्ही चालू असतीलच.

पत्र लिहायचं कारण म्हणजे आमची डायव्हिंग इन्स्ट्रक्टरची परीक्षा झाली. निकाल शेवटी सांगणार आहे. आधी सांगितला तर तू पुढचं वाचणार नाहीस, मी तुला चांगला ओळखतो.

रोवेनाच्या वडिलांनी काढलेलं हे डायव्हिंगचं दुकान, ते गेल्यापासून माझ्या सासूबाई चालवतात. (इथे आईला नानाय म्हणतात, म्हणून मीही नानाय म्हणतो. इथल्या भाषेत अहो-जाहो नाही, तेव्हा सासूला अगं-तुगं करण्याचं भाग्य आपल्या घराण्यात मला पहिल्यांदा लाभलं.) यंदा किनाऱ्यावरच्या दुकानदारांनी ठराव केला, की पुढच्या हंगामापासून ज्याच्याकडे घरचा इन्स्ट्रक्टर नाही त्याने नवशिक्यांना पाण्यात न्यायचं नाही. आता नवशिके वजा केले तर आमच्याकडे उरतं काय? हवा भरायचं यंत्र, एक होडी आणि मी. म्हणजे दुकान बंदच. शेजारचा रिसॉर्टवाला तर रोज संध्याकाळी आमच्या नारळाखाली येऊन आपल्या खुर्च्या कुठे मांडता येतील ते बघू लागला. मग घरात बैठक बसली. रोवेनाला शाळा, तिचा भाऊ जहाजावर. सगळ्यांनी माझ्याकडे ओठ काढले. (इथे कुणाकडे बोट दाखवणं वाईट, म्हणून जे दाखवायचं ते ओठ पुढे काढून दाखवतात. आपल्याकडे चार माणसांनी असे ओठ काढले असते तर मारामारी झाली असती.) मी हो म्हणालो. तेवढ्यात नानाय म्हणाली, "याला एकट्याला नका पाठवू. मीपण बसते परीक्षेला."

नानाय आईपेक्षा थोडीच लहान. पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन कासवं दाखवण्यात तिचं आयुष्य गेलं. शिकवायचा परवाना मात्र तिने कधी काढला नाही. परीक्षा ही ज्यांना शंका असते त्यांनी द्यावी, असं तिचं मत होतं. विनय हा गुण तिला देवाने दिलेला नाही आणि तिने तो मागितलेलाही नाही. "या खाडीतल्या अर्ध्या माशांची सुईण मी आहे," असं ती पाहुण्यांना बिनदिक्कत सांगते, आणि इतकी वर्षं तिच्या घरी राहून मलाही ते खरं वाटायला लागलंय. सकाळी वाळवलेला मासा आणि लसूणभात खाऊन ती समुद्राकडे बघते आणि त्याला दोन शब्द सुनावते. दिवसभर तो गुमान असतो.

आमचे गुरुजी बर्नाबे सर. हा गडी पंचक्रोशीत कडक म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याला पोहायला नानायनेच शिकवलेलं. त्यामुळे वर्गात तो तिला "मॅडम" म्हणायचा आणि ती त्याला "शेंबड्या". या शिक्षणाची रीत मोठी मजेची आहे बघ. होऊ घातलेले इन्स्ट्रक्टर आळीपाळीने एकमेकांचे विद्यार्थी होतात. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने चूक करायची. कुठली चूक करायची ते गुरुजी त्याच्या कानात सांगतात आणि शिकवणाऱ्याने ती पकडून सुधारायची. विद्यार्थी म्हणून मी पहिल्या दिवसापासून चमकलो. सांगितलेली चूक तर मी करायचोच, वर न सांगितलेल्याही करायचो. बर्नाबे सर खूश होऊन म्हणाले, "विश, तू नाटकात जायला हवा होतास!" मागून नानाय म्हणाली, "नाटक कुठलं? तो तसाच आहे."

तिला मात्र चूक जमेचना. मास्क काढून घाबरून दाखव म्हटलं, तर तिने मास्क काढला आणि भाजी निवडायला बसल्यासारखी वाळूवर बसून राहिली. पण अक्का, ती शिकवायला लागली की बघत राहावं. मी शिकवताना हातवारे करकरून पाणी गढूळ करायचो. ती वाळूवर गुडघे टेकते, समोरच्याच्या पट्ट्याला दोन बोटं लावते आणि प्रत्येक गोष्ट इतकी सावकाश करून दाखवते, की घाबरलेल्या माणसाला आपलीच घाई विचित्र वाटायला लागते. चुकला तर ती रागावत नाही आणि जमलं तर डोक्यावरही घेत नाही. पुन्हा कर, एवढंच. बाकी वेळी तिचं तोंड बंद नसतं. पाण्याखाली देवाने तिच्या तोंडात नळी दिली आणि एक थोर शिक्षिका तयार झाली. (हे मी तिच्यासमोरच म्हणालो. तिने माझ्या ताटातला मासा काढून घेतला.)

आता मुख्य भानगड. इथे "हो" म्हणायला तोंड लागत नाही. भुवया वर उडवल्या की झालं. तांदूळ आहेत का? भुवया. पाऊस येणार का? भुवया. माझ्याशी लग्न करशील का? भुवया. (रोवेनाने मला असाच होकार दिला. मी पडलो बार्शीचा, मला वाटलं तिच्या डोळ्यात काहीतरी गेलं. मी रुमाल पुढे केला.) आता इतक्या वर्षांनी माझ्याही भुवया सैल झाल्या आहेत. पण डायव्हिंगच्या शास्त्रात भुवयांना स्थान नाही. ठीक आहेस का, हे हातानेच विचारायचं आणि उत्तरही हातानेच द्यायचं: अंगठा आणि तर्जनी जुळवून, आपण रस्सा फक्कड झाला म्हणताना करतो तसा गोल. बर्नाबे सरांनी हे शिकवलं होतं. पण शिकवताना त्यांनी विचारलं, "समजलं?" आम्ही दोघांनी भुवया उडवल्या, त्यांनीही उडवल्या, आणि विषय संपला.

परीक्षक आला नॉर्वेहून. नाव हाल्वोर. माडासारखा उंच, शांत माणूस, आणि भुवया इतक्या फिकट की आहेत की नाहीत तेच कळू नये. त्याच्यासमोर मी नानायला धडा दिला, मग तिने मला दिला. अक्का, तुला सांगतो, इतका सुरेख धडा मी जन्मात दिला नव्हता. मी विचारावं, तिने सांगावं, सगळं कसं भरभर. होडीवर आल्यावर हाल्वोर म्हणाला, "तुम्ही विद्यार्थिनीला ठीक आहात का असं एकदाही विचारलं नाही." विचारलं की! "आणि त्यांनीही काही उत्तर दिलं नाही." नानायला हे इतकं झोंबलं की तिने त्याच्या नाकासमोर जाऊन भुवया उडवल्या. "हे काय मग? हे बघ. हे! हे!" हाल्वोर काळजीने मला म्हणाला, "यांना काही त्रास होतोय का?"

तो भाग आम्हा दोघांचाही गेला. एक संधी मिळाली, मध्ये एक दिवस सोडून. बर्नाबे सरांनी कपाळ बडवून घेतलं आणि पेटीतली चिकटपट्टी काढून आमच्या दोघांच्या भुवयांवर आडवी चिकटवली. भुवई हलली की केस ओढले जाणार, म्हणजे खोड मोडेल. मधला दिवस नेमका रविवार. सासू-जावई कपाळाला पट्ट्या लावून चर्चमध्ये गेलो. पाद्रीबाबांनी विचारलं, "अपघात वगैरे झाला का?" नानायने सवयीने होकार दिला आणि "आय्याय!" करून किंचाळली. मासेवाल्या बाईने विचारलं, "बांगडा हवा?" आम्ही दोघं ठोंब्यासारखे बघत राहिलो, ती पुढे निघून गेली. तेवढ्यात तो रिसॉर्टवाला आला. "मग काय नानाय इसिंग, जागा देताय ना?" (इसिंग हे तिचं नाव; सगळा किनारा तिला नानायच म्हणतो.) रागाने तिच्या भुवया उडायलाच निघाल्या होत्या. त्या तशा उडाल्या असत्या तर मेल्याने होकार समजून दुसऱ्या दिवशी खुर्च्या आणून टाकल्या असत्या. पट्टीने लाज राखली. त्यानंतर तोंडाने तिने जे सांगितलं ते मोठ्या बहिणीला लिहिता येण्यासारखं नाही.

आता माझ्या मिशीविषयी. मिशी असली की मास्क ओठावर नीट बसत नाही, फटीतून पाणी झिरपतं. नानायने पहिल्याच दिवशी मला वस्तरा दाखवला होता. मी तिला समजावलं की आमच्याकडे वडील असेपर्यंत मुलगा मिशी उतरवत नाही, ते अशुभ. आमचे बाबा ठणठणीत आहेत. ती म्हणाली, "आणि तू बुडालास तर त्यांना काय कळवू? मुलगा गेला, मिशी शाबूत आहे?" मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि मिशीला व्हॅसलीन फासून काम भागवत राहिलो.

दुसऱ्या परीक्षेला पट्ट्या काढून उतरलो. पहिली पाळी नानायची, विद्यार्थी मी. मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं, असा धडा. हाल्वोरने माझ्या कानात सांगितलं होतं की फुंकायचं विसरल्यासारखं कर. मी थोडं पाणी घेतलं. उरलेलं मिशीने घेतलं. मास्क गच्च भरला, नाकात खारं पाणी गेलं, ठसका लागला, आणि अक्का, मी सगळं विसरलो. धडा, परीक्षा, दुकान, सगळं. फक्त वर जायचं एवढं कळत होतं. पाय झाडायला लागलो. त्या खोलीवरून श्वास कोंडून असं वर धावणं म्हणजे फुप्फुसं फाडून घेणं. हे मी स्वतः दुसऱ्यांना बजावून सांगितलं होतं, पण त्या वेळी माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

नानायने एका हाताने माझा पट्टा धरला. दुसऱ्या हाताने माझ्या तोंडातली नळी दाबून धरली, ती सुटली असती तर संपलंच होतं. दोन्ही हात अडकलेले. खूण करायची कशाने? तिने आपला मास्क माझ्या मास्कला भिडवला आणि भुवया उडवल्या. त्या खाऱ्या पाण्यातून मला दुसरं काही दिसत नव्हतं, पण दोन काळ्या रेघा दिसल्या. वर, खाली. वर, खाली. सावकाश. हो. हो. आहे मी. हो. त्या रेघांबरोबर माझा श्वास कधी चालू लागला ते मला कळलं नाही. मग तिने एक हात सोडवून माझ्या नाकावर टिचकी मारली, मी फुंकलं, पाणी गेलं आणि समोर तिचा चेहरा दिसला. त्यानंतर तिने हाताने गोल करून रीतसर विचारलं, ठीक आहेस का, आणि मी हाताने रीतसर उत्तर दिलं. मला इतकं रडू येत होतं, बरं झालं समुद्रात होतो.

होडीवर हाल्वोर माझा हात दाबून म्हणाला, "इतकी हुबेहूब घाबरगुंडी मी कधी पाहिली नव्हती. फार मोठे नट आहात." मी विनयाने मान खाली घातली. पुढची पाळी माझी होती. आम्ही दोघं गप्प राहिलो असतो तर मी बहुधा पास झालो असतो. नानायचा निकाल अजून लागायचा होता आणि घराला एक तरी परवाना हवा होता. पण नानाय बोललीच. "नाटक नव्हतं ते. खरंच घाबरला होता. आज त्याला शिकवायला लावू नका."

मी इथल्या बिसाया भाषेत कुजबुजलो, "नानाय, अगं दुकान जाईल!"

"जाऊ दे गेलं तर," ती मोठ्याने म्हणाली. "दुकान मी पुन्हा काढीन. जावई कुठून आणू?"

हाल्वोरने तिला विचारलं की तुम्ही याला शांत कसं केलंत, मला तर एकही खूण दिसली नाही. नानायने त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या. तो विचारात पडला. आणि मग त्याच्या कपाळावर काहीतरी हललं. अक्का, त्याला भुवया आहेत! त्याने त्या उडवल्या, एकदाच, पण व्यवस्थित. नानाय पास झाली.

मी अर्थातच नापास. लहानांना आशीर्वाद, दाजींना पुन्हा नमस्कार.

तुझा,
विशू

ता. क. दुकान राहिलं. नानायने विजयाप्रीत्यर्थ कराओके लावून अशी गाणी म्हटली की रिसॉर्टवाल्याचे पाहुणे खोल्या बदलून मागू लागले.

पुन्हा ता. क. खरं काम राहिलंच. नानायने मला आपला पहिला विद्यार्थी करून घेतलं आहे, पार पहिल्या धड्यापासून. पण तिचा नियम असा, की घरच्यांची परवानगी असल्याशिवाय ती कुणालाच पाण्यात नेणार नाही, मग त्याचे केस का पिकलेले असेनात. "तुझ्या आईला माहीत आहे ना, तू पाण्यात उतरतोस ते?" तिने विचारलं. मी नारळाकडे बघितलं. तुला ठाऊकच आहे, मी दुकानात आत टेबलाशी बसतो आणि समुद्राकडची खिडकीही लावून घेतो, अशी आईची समजूत आहे. तर हे तिला तूच सांग. जेवण झाल्यावर सांग, गुडघ्यांना तेल लावून देताना. आणि बाबांकडून मिशीचंही विचार. म्हणावं, तुम्ही शतायुषी व्हा, पण मिशीला तेवढी सूट द्या.

शेवटचं ता. क. दोघांनी हो म्हटलं तर फोन लाव, नानाय आईशी स्वतः बोलणार आहे. तिला मराठीचा गंध नाही आणि आईला बिसायाचा. तरीसुद्धा माझ्या बाबतीत दोघींचं एकमत होणार, याचीच मला धास्ती वाटते.