टांग्यावरच्या अक्षता

शनि., ५ ऑक्टो.

गाडीचं ऑइल बदललं. गळती तिथूनच, तेवढीच. खाली ट्रे सरकवून दिला. मग नटांवरच्या पांढऱ्या रेघा पाहिल्या. प्रत्येक नट घट्ट केला की त्याच्यावरून रंगाची रेघ ओढायची, रेघ तुटलेली दिसली की नट फिरला म्हणून समजायचं. पुढच्या डाव्या चाकाजवळची एक तुटली होती. घट्ट केला, नवी रेघ ओढली. एवढी हलकी गाडी, सगळीकडून थरथरते. दर आठवड्याला काहीतरी सैल होतंच.

आई नेहमीसारख्या गॅरेजच्या पायरीवर, घडीच्या खुर्चीत, शेंगा सोलत. नागपूरहून इथे अमेरिकेत आल्या त्या पहिल्याच दिवशी गाडीभोवती फिरून म्हणाल्या होत्या, "हा तर टांगा आहे बाप्पा. ना छत, ना दारं. घोडा तेवढा आत घातला." तेव्हापासून टांगाच.

सुट्या भागांच्या खोक्यांमधून ही गाडी घरी आली तेव्हा माझ्या सख्ख्या आईने फोनवर विचारलं होतं की हे पुरुषी उद्योग कशाला. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एवढंच विचारलं, "तुला जमेल नं? मग कर." पुढची चार वर्षं शनिवार-रविवार मी गॅरेजमध्ये आणि माझा नवरा सागर स्वयंपाकघरात. त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

गुरु., १० ऑक्टो.

मराठी मंडळातल्या शिल्पाचा फोन. शनिवारी दसरा आमच्याकडे, मंडळातली पाच-सहा घरं येतील. तिला व्हिडिओ हवाय. सासू-सून दोघी नऊवारीत, उघड्या गाडीत, केसांत गजरा वगैरे. मी आढेवेढे घेतले. खोटेच. फोन ठेवल्या ठेवल्या गॅरेजमध्ये गेले आणि एअर फिल्टर काढून ठेवला. फिल्टर नसला की इंजिन ज्यातून हवा ओढतं त्या चार तुताऱ्या दिसतात. तासभर पॉलिश केल्या. आरशासारख्या झाल्यात.

काळे काका येणार आहेत. गेल्या वर्षी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "खरं सांग मृणाल, जोडली कुणी? सागरनेच ना?" यंदा येऊ देत.

शनि., १२ ऑक्टो. दसरा

थोडक्यात लिहिते. जास्त लिहवत नाही.

पूजा छान झाली. बॉनेट काढून ठेवलं होतं. आईंनी हळद-कुंकू लावलं, झेंडूचं तोरण पुढच्या दिव्यांना, नारळ बाजूला फोडला. इंजिनवर अक्षता टाकल्या. मी पाहत होते. तुताऱ्या उघड्या आहेत हे दिसत होतं मला. पण फोटो चालले होते, तेव्हा थांबवलं नाही.

मग शिल्पा म्हणाली, आता चालवत रस्त्यावर आण. आई शेजारी. ड्राइव्हवेच्या टोकाला ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. आणखी जोरात दाबला, आणखी जोरात उसळली. सरळ रस्ता ओलांडून समोरच्या डेव्हच्या मेलबॉक्सवर. तो आडवा झाला, मग कुठे किल्ली फिरवून बंद केली. रस्त्यावर तेव्हा कुणी नव्हतं. कुणी असतं तर... नको.

सगळे धावत आले. इंजिनकडे पाहिलं तर तुताऱ्यांच्या काठावर तांदूळ. आणि मी ओरडले. आईंवर. "आई, तुमच्या या अक्षतांनी आज दोघी मेलो असतो! कुणी सांगितलं होतं आत टाकायला?" सगळ्यांसमोर. त्या अजून सीटवरच होत्या, पट्ट्यात अडकलेल्या, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत फिसकटलेलं.  पट्टा सोडायला त्यांना जमत नव्हतं. तोही सागरने सोडवला, मी नाही.

काळे काका म्हणाले, "अहो, इंजिनमध्ये तांदूळ गेल्यावर दुसरं काय होणार?" पहिल्यांदा ते माझ्या बाजूने बोलले. मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. बरं वाटलं.

रवि., १३ ऑक्टो.

डेव्हकडे जाऊन आले. मेलबॉक्स आम्ही बसवून देऊ म्हटलं. तो भला माणूस, "गाडी ठीक आहे ना" हेच आधी विचारतो.

सकाळी आई देवापाशी उभ्या. हातात काडेपेटी. मला म्हणाल्या, "दिवा लावू का? चालेल?"

दोन महिने या घरात रोज दिवा त्याच लावतात. मी "हो, लावा की" म्हटलं, अगदी सहज आवाजात, आणि डिशवॉशर भरत राहिले. माफी तेव्हाच मागायला हवी होती. पण मनात होतं, चूक तर त्यांचीच होती ना. आवाज चढला, एवढंच माझं चुकलं.

सोम., १४ ऑक्टो.

ऑफिसात औषधाच्या गोळ्यांची एक बॅच अडकलीय. मशीनवरच्या माणसाचीच चूक, असं लिहून मोकळं व्हायचं होतं सगळ्यांना. माझं कामच क्वालिटीचं, त्यामुळे मी नेहमीचं भाषण दिलं. माणसावर बोट ठेवण्याआधी मशीन पाहा, हवा पाहा, त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काय होतं ते पाहा. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येताना हायवेवर स्वतःचंच भाषण आठवून कान गरम झाले. मी काय तपासलं होतं?

बुध., १६ ऑक्टो. कोजागिरी

मंडळाच्या ग्रुपवर काळे काकांचा मेसेज: "आज दूध आटवताना सर्वांनी काळजी घ्यावी. सागरच्या आईंना अक्षता घेऊन गॅसजवळ येऊ देऊ नये." खाली हसणारे चेहरे, पंचवीस-तीस तरी. आई त्या ग्रुपवर आहेत. सा. नेच ॲड केलं होतं, तेवढंच मन रमेल म्हणून.

त्या दूध ढवळत होत्या. मोबाईल बाजूला उलटा ठेवलेला.

नंतर सा. म्हणाला, "आईच्या गुडघ्याला केवढं काळंनिळं झालंय, तुला माहितीय?" माहीत नव्हतं. डॅशबोर्डला आपटला असणार. चार दिवस लपवून चालत होती, असं म्हणाला. एरवी तो चिडला की बडबडतो. आज अगदी शांतपणे सांगून आत गेला.

शनि., १९ ऑक्टो.

इंजिन उघडलं. तुताऱ्या काढल्या. तांदूळ होते, पण तळाशी, मूठभरही नाहीत. हवा आत सोडणाऱ्या झडपा बोटाने उघडून पाहिल्या. सोडल्या की टपकन मिटतात. कुठे घासल्याची खूण नाही. ॲक्सिलरेटरची केबल मोकळी, स्प्रिंग ठीक. सगळ्या रेघा जागच्या जागी. गाडीत काही म्हणजे काहीही बिघडलेलं नाही.

मग ते वाक्य आठवलं: त्या दिवशी वेगळं काय होतं.

या गाडीत पाय ठेवायला जागा अशी नाहीच. पेडल एकमेकांना चिकटून. बारीक तळव्याचे बूट घातल्याशिवाय बसायचं नाही, हा माझाच नियम, सा. लाही मी साध्या बुटात बसू देत नाही. आणि दसऱ्याला पायांत काय होतं? नऊवारीवर शोभावी म्हणून कोल्हापुरी. चांगली रुंद, कडक, कडा बाहेर आलेली.

कपाटातून काढून आणली. उजव्या चपलेच्या कडेला घासल्याची काळी खूण. घातली. इंजिन बंद ठेवून सीटवर बसले, सा. ला म्हटलं वरून झडपांकडे बघ. ब्रेक दाबला.

"उघडल्या," तो म्हणाला.

आणखी जोरात दाबला.

"पूर्ण उघडल्या."

म्हणजे जेवढी घाबरून ब्रेक दाबत होते तेवढाच चपलेच्या कडेने ॲक्सिलरेटर दाबत होते. मीच. दुसरं कुणी नाही. तो वर उभा, मी खाली चप्पल घालून बसलेली. "आईला सांग," एवढंच म्हणाला तो. गाडीत बसल्या बसल्या मला उचकी लागावी तसं रडू आलं.

रवि., २० ऑक्टो.

सांगितलं. आई टेबलापाशी कोथिंबीर निवडत होत्या. सगळं सांगितलं. चप्पल, पेडल, फिल्टर मी दाखवायला काढला होता तेही. माफी मागितली. पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही, गुडघा दुखतो म्हणून. मला मात्र रागानेच घेतल्यासारखं वाटलं.

म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मला वाटून राहिलं होतं, आपल्या हातून काही अशुभ झालं."

काड्या वेगळ्या, पानं वेगळी. सगळी जुडी संपली. मग खाली पाहतच म्हणाल्या, "पण मृणाल, ओरडलीस तेव्हा सारे उभे होते. सांगून राहिलीस मात्र मला एकटीला."

 कोथिंबीर धुवायला घेतली.

शुक्र., २५ ऑक्टो.

आईंनी सा. कडून तिकीट बदलून घेतलं. डिसेंबरऐवजी दिवाळी झाली की लगेच. कारण थंडी.

ग्रुपवर लिहायला घेतलं: "सर्वांना सांगायचं आहे की दसऱ्याला जे झालं..." पुसलं. परत लिहिलं. पुसलं. जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये बसून हाच उद्योग.

खरं कारण लिहू? "लेडीज ड्रायव्हर." काळे काकांचं तोंड मला आत्ताच दिसतंय. चार वर्षं एकेक नट मी आवळला, वायरिंग मी केलं, रंग मी दिला आणि शेवटी काय, बाईला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर कळत नाहीत. तेच ऐकू येणार. ते ऐकावं लागू नये म्हणून मी एका म्हाताऱ्या बाईला तीस हसऱ्या चेहऱ्यांखाली ठेवलंय. जिने मला कर म्हटलं तिलाच. लाज वाटते आणि तरी मेसेज जात नाही. दोन्ही एकदम.

शुक्र., १ नोव्हें. लक्ष्मीपूजन

आईंनी सगळी पूजा सा. ला करायला लावली. स्वतः लांब सोफ्यावर बसून मंत्र सांगत होत्या. अक्षतांची वाटीसुद्धा त्याच्याच हातात दिली.

लॅपटॉप, घरातली रोजची गाडी, सगळ्यांना हळद-कुंकू लागलं. टांग्याचं नाव कुणी काढलं नाही. मीही.

शनि., २ नोव्हें. पाडवा

मंडळाचा फराळ, कम्युनिटी हॉलमध्ये. आईंना यायचं नव्हतं, शिल्पाने फारच आग्रह केला. समई लावायला तिनेच त्यांना पुढे बोलावलं. आई तबक घेऊन उभ्या, तेवढ्यात काळे काका मोठ्याने, "वहिनी, जरा लांबून हं! हॉलचा इन्शुरन्स नाहीये!"

हॉल हसला. आईही हसल्या. सगळ्यांच्या बरोबरीने, तोंडावर पदर धरून. आणि तबक हळूच टेबलावर ठेवून मागे सरकल्या.

ते हसणं मला सहन झालं नाही. चकलीची प्लेट कुणाच्या तरी हातात कोंबली आणि बोलले. आवाज फाटला होता. "काका, अक्षतांनी काही झालं नव्हतं. इंजिन उघडून पाहिलंय मी. मी कोल्हापुरी घालून चालवत होते. ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटर दाबला गेला. चूक माझी होती आणि ओरडले मी आईंवर. त्यांचा काही संबंध नाही."

 कुणाचं तरी बाळ तेवढं कुरकुरत होतं. मग काळे काका: "म्हणजे ड्रायव्हरच! तरी मी म्हणत होतो." पुन्हा हशा. या वेळी माझ्यावर. ठरल्याप्रमाणे.

झोंबलं. खूप झोंबलं. आणि त्याहून वाईट म्हणजे मी लगेच आईंकडे पाहिलं. शाबासकीसाठी. हे काय वय आहे? त्या पुन्हा टेबलाशी, तबकातली निरांजनं सरळ करत होत्या. मान वर केली नाही. मग शिल्पाने काडी पेटवून त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी समई लावली.

परत येताना गाडीत म्हणाल्या, देशपांड्यांकडचा चिवडा सादळला होता. 

रवि., ३ नोव्हें. भाऊबीज

घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली. सगळं घर लवकर उठलेलं.

खाली आले तर दिवा लागलेला. आईंनी विचारलं नव्हतं कुणाला. तिथेच उभी राहिले थोडा वेळ.

मग गॅरेज. गाडीचं वाकलेलं नाक ठोकून सरळ केलं, जमलं तेवढं. फिल्टर परत बसवला. आता तुताऱ्या दिसत नाहीत, राहू देत. ट्रेमधलं ऑइल ओतून टाकलं. तोरणाचे वाळके झेंडू अजून दिव्यांना तसेच होते. काढायला हात गेला आणि राहिला.

आतलं दार उघडलं. आई, हातात माझा चहा. पायरीपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"येऊ का आत?"

दोन महिने रोज दुपारी इथे बसायच्या. कधी विचारलं नव्हतं.

"आई, असं काय विचारता?"

"विचारलेलं बरं," म्हणाल्या. कप पायरीवर ठेवला. टांग्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. बारीक बूट होते. काहीतरी बोलतील असं वाटलं. पण सागरला चहा द्यायचाय म्हणून परत वळल्या.

तिकीट गुरुवारचं आहे. बदलता येतं, सा. म्हणाला. विचारलं नाही अजून त्यांना. कुठल्या तोंडाने विचारू.

भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची पुसून पायरीवर उघडून ठेवलीय. शेजारी शेंगांची पिशवी. दार बंद केलं नाही.