जहाजाच्या कुशीतली धार

लोमे बंदराबाहेर, नांगरावर
गुरुवार, १४ ऑगस्ट

प्रिय अराबाताईस,
यूफीचा नमस्कार. दाजींना नमस्कार, कुकुआला खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या हातात देणारा माणूस आमच्या जहाजाचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी आहे. टाविया त्याचं नाव, गाव शामा, म्हणजे तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर. दार उघडल्यावर माझ्याऐवजी हा दिसला म्हणून तू त्याला उंबऱ्यातच "यूफी कुठाय?" म्हणून धरशील, ते करू नकोस. त्याला बसव, पाणी दे, मग विचार काय निमित्तानं येणं केलंत. आपली रीत आहे ती, आणि या माणसाला आज तिची फार गरज आहे. पाणी उकळलेलं दे. त्याचं पोट बरेच दिवस ठिकाणावर नाही.

दाजींची पाठ कशी आहे? तुझ्या दुकानाचं छप्पर झालं का?

माझं बरं चाललंय. जरा वाळलोय, पण तू नेहमी म्हणायचीस ना, पोट सुटलंय म्हणून, ते काम आपोआप झालं. इथे खायचं आहे, प्यायचं कमी आहे. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करायचं यंत्र मोठ्या इंजिनाच्या उष्णतेवर चालतं. मालकानं हात वर केल्यापासून मोठं इंजिन गार पडलंय, त्यामुळे ते यंत्रही गार. चहूकडे पाणीच पाणी आणि आम्ही टाकीच्या तळातलं गंजाचं लाल पाणी पितो. टाविया ते तिहेरी फडक्यातून गाळतो. चहा करायला घेतला की पावडर टाकायच्या आधीच रंग आलेला असतो. ऑगस्टात पाऊसही रुसलेला. मूठभर गारी, तो कसाव्याचा रवा, भिजवायची तर तिघांत चर्चा होते.

तिघं म्हणजे इंजिन सांभाळणारा मी, टाविया आणि आमचा सारंग डोत्से. डेकवरच्या खलाशांचा मुकादम तो, केटाचा, वयानं दाजींपेक्षा मोठा. बाकीचे एकेक करून कधीच घरी गेले. जहाज रिकामं सोडता येत नाही, म्हणून आम्ही.

सकाळी मी जहाजाच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहतो. इथला प्रवाह तुमच्याकडून येतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. सेकोंडीच्या धक्क्यावरून तू जे पाणी बघतेस तेच काही दिवसांनी माझ्या जहाजाखालून जातं. परवा केळीचं एक पान वाहत आलं, मक्याची केंकी गुंडाळून उकडतात तसलं. डोत्से लगेच म्हणाला, "बघ, तुझ्या ताईनं पाठवलंय. केंकी ठेवून घेतली आणि पान तेवढं धाडलं." हसलो. पण ताई, ते पान दिसेनासं होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. तुमच्याकडचं सगळं माझ्याकडे येतं, माझ्याकडून तुमच्याकडे काही जात नाही. उलटा प्रवाहच नाही.

एकटं वाटतं गं. तिघं आहोत, पण तिघांच्याही सगळ्या गोष्टी सांगून संपल्यात. डोत्सेच्या लग्नाची गोष्ट तो चुकला तर आता मी दुरुस्त करतो. किनारा समोर दिसतो, संध्याकाळी गाड्यांचे दिवे दिसतात. गाडीनं माझं घर एका दिवसावर आहे आणि मला पाय टेकता येत नाही. असं वाटतं की आपण मेलोय आणि कुणी अजून रडलंही नाही.

आता मूळ मुद्दा. मला सोडवायला तू जहाजाच्या एजंटच्या ऑफिसात किती चपला झिजवल्यास ते दाजींनी फोनवर सांगितलं. एका माणसाला उतरायची परवानगी मिळाली ती तुझ्यामुळे. शनिवारी कुकुआचं दार ठोठावायला, मागणी घालायला मुलाकडचे येणार, बाटल्या पुढे ठेवणार, आणि ते स्वीकारायला तिचा बाप हवा. तिची आई गेल्यापासून तूच तिची आई झालीस. बाप तरी मीच असायला हवा होतो. पण मला नाही येता येणार. आज एजंटची बोट आली तेव्हा नेमका पंप बंद पडला. तो चालू करायला मी थांबलो, बोटीला थांबता येईना. म्हणून टाविया आला. एवढंच झालं.

एवढंच नाही झालं. आता टाविया उकडलेलं केळं घेऊन आला होता. त्याला अजून माहीत नाही की हे पत्र तोच नेणार आहे. "साहेब, ताईला लिहिताय? उद्या तर भेटणारच की," म्हणाला. मी मान डोलावली. तो गेल्यावर वर काय लिहिलंय ते वाचलं, आणि लाज वाटली. बोट गेलेली नाही, ताई. एजंट पलीकडच्या जहाजावर गेलाय, सूर्य बुडायच्या आत परत येणार. माझी पिशवी शिडीजवळ तशीच आहे. मी अजूनही येऊ शकतो. म्हणून नीट सांगतो.

आमच्या जहाजाला एक दुखणं आहे. समुद्राचं पाणी आत घेणारा जो पाइप आहे, त्याचं वळण वाळूनं खाल्लं. इथे पाणी उथळ, प्रवाह तळ ढवळतो, आणि ती वाळू आत जाऊन लोखंडाला कानस मारल्यासारखं करते. त्या पाइपाला समुद्राकडून बंद करणारा व्हॉल्व्ह गंजून गेलाय, फिरतो पण बंद होत नाही. मग मी जहाजावरचा जुना इलाज केला. पाइपाभोवती लाकडी खोका ठोकला आणि त्यात सिमेंट ओतलं. अख्खा समुद्र आणि आमच्यामध्ये तो एक खोका आहे. तो धरून आहे, पण पाझरतो. पाझरलेलं पाणी पंप उपसतो आणि जहाजाच्या कुशीतून बाहेर फेकतो. ती धार पडत राहिली की समजायचं, आपण तरंगतोय. मी झोपेतसुद्धा तिचा आवाज ऐकत असतो.

पंप सतत चालवावा लागतो. एकदा थांबला की आतून रिकामा होतो, मग नुसताच घरघरतो, पाणी ओढत नाही. त्यालाही पाहुण्यासारखंच, आधी पाणी पाजावं लागतं, मग काम सांगावं. त्यासाठी तीन शिड्या उतरून, फळ्यांखाली पोटावर सरपटत जावं लागतं. मी निघणार म्हणून हे सगळं डोत्सेला दाखवलं. तो वरच्या शिडीवरच बसला. म्हणाला, "यूफी, मी डेकचा माणूस. इंजिनातलं पाणी तुमचं, वरचं आमचं. शिवाय हे गुडघे खाली गेले तर वर येणार नाहीत."

"मग डेकवरचं बटण तरी बघून ठेव. आणि काहीही झालं तरी बंद करू नकोस."

"नाही करणार रे बाबा. बायकोसुद्धा इतक्यांदा सांगायची नाही."

आज सकाळी बोट लागली. मी दोघांना मिठी मारली, दोरीच्या शिडीवरून उतरलो, बोटीत बसलो. डोत्से कठड्यावरून हात हलवत होता, मग घाईनं आत वळला आणि परत आला. आणि माझ्या डोळ्यांदेखत जहाजाच्या कुशीतली ती धार बारीक झाली आणि थांबली.

नंतर कळलं की त्यानंच बंद केली होती. आमच्या पाझरात इंजिनाचं थोडं तेल मिसळतं, ते पाण्यावर सायीसारखं पसरतं. तेल बाहेर दिसलं की मोठा दंड असतो, म्हणून डेकच्या माणसाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवतात: साय दिसली की आधी पंप बंद, मग ओरडा. एजंटची बोट शेजारी, पाण्यावर साय. त्याला वाटलं, एजंटनं पाहिलं तर यूफीची परवानगी अडकेल. मी लांब जाईपर्यंत बंद ठेवू, मग करू चालू. माझ्यासाठी केलं त्यानं ते.

पण मला बोटीत हे माहीत नव्हतं. मला फक्त धार थांबलेली दिसली. बोटवाला हसून म्हणाला, "काय साहेब, तुमच्या जहाजाचं मुतणं बंद झालं की."

ताई, मी त्याला म्हणालो, "चल."

मला दिसलं होतं. त्याचा अर्थ काय, ते त्या सबंध समुद्रात माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. आणि मी मान फिरवली, किनाऱ्याकडे तोंड केलं आणि चल म्हणालो. बोट सुटली. मी मनात कुकुआला कोणता झगा घालतील त्याचा विचार करू लागलो, मुद्दाम. जहाज मागे लहान होत होतं. डोत्से आणखी जोरानं हात हलवू लागला. मला वाटलं, निरोपच देतोय. खरं तर मला असं वाटून घ्यायचं होतं.

मग टाविया दिसला. तो कठड्याशी आला, त्यानं वाकून कुशीकडे पाहिलं आणि डोत्सेकडे पाहिलं. दोघांनी ओरडून मला हाक मारायला हवी होती, पण एकानंही मारली नाही. टावियानं डोत्सेचा हलणारा हात धरून खाली घेतला आणि दोघं नुसते उभे राहिले, मला जाऊ देत.

त्यांनी हाक मारली असती तर कदाचित मी ऐकलं नसतं. त्यांनी मारली नाही म्हणून मी बोट वळव म्हणालो, तेव्हा एजंट वैतागला. "तुमची बहीण माझं डोकं खाते, आणि तुम्ही परत चाललात?"

खाली पाणी फळ्यांवर आलं होतं. पंप नुसता घरघरत होता. डोत्से मधल्या शिडीवर बसून खाली बघत होता, गुडघे धरून. "मी चालू केला की रे," म्हणत होता. "आवाज येतोय, पाणीच येईना." मला त्याचा इतका राग आला की हातातला पाना त्याच्या दिशेनं फेकावा असं वाटलं. मग सरपटत गेलो, पंपाला पाणी पाजलं, आणि पुष्कळ वेळानं त्यानं धरलं. वर आलो तर एजंट म्हणाला, "कागदावर माणूस एक, एवढंच लिहिलंय. नाव मी घालीन. कोण येणार ते संध्याकाळपर्यंत ठरवा." आणि तो गेला.

तेव्हापासून पंप उत्तम चालू आहे. तसा तो आठवडाभर चालेल, किंवा आज रात्रीच चिंधी अडकून थांबेल. मी गेलो तर डोत्से आणि टाविया राहतील. एकाचे गुडघे नाहीत, दुसऱ्याला पाणी म्हटलं की पातेलं तेवढं कळतं. तुला वाटेल, यूफी मोठ्या मनाचा म्हणून थांबला. तसं कुणाला सांगू नकोस. मोठ्या मनाचा माणूस चल म्हणत नाही. मी थांबतोय, कारण आज मला कळलं की मी किती सहज जाऊ शकतो. शनिवारी त्या खुर्चीत बसून, लोकांच्या हातून बाटली घेताना माझे कान इकडेच लागले असते, आणि इतक्या लांबून ती धार ऐकू येत नाही.

फोन केला असता, पण तू रडली असतीस आणि मी पिशवी उचलली असती.

आत्ताच टावियाला सांगून आलो. आधी त्याला थट्टा वाटली. मग म्हणाला, "नको साहेब, पोरीचं लग्न आहे तुमच्या." मी म्हटलं, पोट बघ आधी आपलं, तोंड आरशात बघ. तो स्वयंपाकघरात गेला आणि उरलेल्या पाण्यातलं निम्मं त्यानं माझ्यासाठी पुन्हा एकदा गाळायला ठेवलं. डोत्सेला कळलंय, मी का थांबतोय ते. तो पिशवी शिडीपासून उचलून माझ्या खोलीत ठेवून आला.

ऑफिसात पुन्हा जाशील का? या वेळी इंजिनातला एक माणूस इथे पाठवा म्हणून सांग. तो आला की मी निघतो. तुझ्या चपला झिजल्या, मला माहीत आहे. तरी जा.

आता शनिवारचं. माझी खुर्ची रिकामी ठेवू नकोस, लोक रिकाम्या खुर्चीकडेच बघत बसतात. दाजींना बसव, माझ्या निळ्या कापडात. मुलाकडच्यांना म्हणावं, बाप कामावर आहे. कुकुआला मात्र खरं सांग. तिला सांग की बाप बोटीत बसला होता, आणि पुढचंही सांग, काही झाकू नकोस. ती रागावली तर रागावू दे.

बाटली पुढे ठेवून तिला तीनदा विचारतील, घ्यायची का म्हणून. पहिल्यांदा ती लाजेल. दुसऱ्यांदा खाली बघेल. तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा ती दाराकडे बघेल, मी ओळखतो तिला. तू तिच्या शेजारी बस आणि आधीच कानात सांगून ठेव, दाराकडे बघायचं नाही पोरी. हो म्हणायचं.

बोटीचा आवाज येतोय. थांबतो.

खुर्चीत नसलेला,
तुझा यूफी