गार झालेली कॉफी

चि. कादिम,

तू बरा आहेस ना? सूनबाई, लेकरं? वहिनींचे गुडघे?

तेलकंपनीचा साहेब होऊन माझ्या बैठकीत आलास आणि कॉफीचा कप तोंडाला न लावता खाली ठेवलास. "काका, गावाच्या खजुराच्या बागा मिळवून द्या, मगच पितो. पोरांच्या नोकऱ्या माझ्याकडे लागल्या!" पाहुण्याची कॉफी गार होऊ देणं आपल्यात पाप, म्हणून मी दारोदार शब्द टाकला आणि लोकांनी बागा दिल्या. तेल निघालं, बसऱ्यात मनोरे उठले, पण फाटकावरचा पहारेकरीसुद्धा तू बाहेरून आणलास.

काल बेकार पोरांच्या अकरा बापांनी माझ्यापुढे तसेच न पिता कप खाली ठेवले. त्यांच्यातला मुतशर म्हणाला, "शेख, पुतण्याचा मान राखलात, आता आमचा राखा." केसाने गळा कापलास रे पोरा.

ते कप मी तसेच झाकून ठेवलेत. हे पत्र टाकायचा मला धीर झालाच, तर उत्तर लवकर धाड.

तुझा,
जब्बारकाका