साडूचा मतदारसंघ

१४ जानेवारी २०१८, रविवार. संक्रांत.
तिळगुळाचा व्हिडिओ कॉल. नागपूरहून सासरेबुवा पाऊण तास साडूचं, जयदीपचंच कौतुक करत होते. सासरे प्रभाकरराव निवृत्त भूगोलशिक्षक; नकाशा म्हटलं की विरघळतात. जयदीप दर रविवारी त्यांना फिलाडेल्फियाबाहेरच्या आपल्या मतदारसंघाबद्दल सांगतो म्हणे. पेनसिल्व्हेनिया, सातवा. निवडणूक अगदी घासून होते. अरे, तू तिथे राहतोस. मतदारसंघ काय तू बांधलास?

खरा मुद्दा वेगळाच. सासू-सासरे, म्हणजे यामिनीचे आई-बाबा, फेब्रुवारीअखेर आमच्याकडे ब्लँचर्डस्टाउनला येतायत, ६ मेला पुढे समुद्रापलीकडे, अमेरिकेला जयदीपकडे. आणि अधिक महिना लागतो १६ मेला! म्हणजे तेहतीस अनारसे, दिवा, जावयाचा मान, सगळं परत धाकट्याच्या घशात. २०१५ लाही त्यानेच हादडले. मी थोरला जावई की भाडेकरू?

संकल्प: त्याचा मतदारसंघ त्याच्यापेक्षा जास्त पाठ करायचा. सासरे आपोआप इथेच थांबतील. जयदीपला व्हॉट्सअ‍ॅपवर म्यूट केलं. गोड बोलून झालं.

२० जानेवारी
पाच काउंट्यांचे, म्हणजे जिल्ह्यांचे, तुकडे. २०११ साली सत्ताधाऱ्यांनी आपली मतं गोळा करायला रेघा अशा ओढल्या की एका ठिकाणी मतदारसंघ एका हॉटेलच्या आवाराएवढाच रुंद! जयदीप राहतो म्हटल्यावर सरळ कसा असेल? वर्षानुवर्षं रिपब्लिकन, २००६ ला डेमोक्रॅट, २०१० ला परत रिपब्लिकन. २०१६ ला तर राष्ट्राध्यक्षाला एका पक्षाची मतं, खासदाराला दुसऱ्या. सासरे खूश होणार.

२१ फेब्रुवारी
यामिनी म्हणाली, जयदीप विचारतोय, मेसेज बघितले का, नकाशाबद्दल काहीतरी आहे. सांगितलं, बघतो. बघतंय माझं पायताण. ताज्या बातम्या उथळ लोकांसाठी. मी मुळाशी जाणारा माणूस.

२५ फेब्रुवारी
आले. सासूबाईंनी लोणच्याच्या बरण्या आणल्या. सासरे म्हणाले, चला ज्ञानेशराव, कालव्यापर्यंत पाय मोकळे करू. म्हटलं, उद्या. आज चेस्टर काउंटी संपवायची आहे.

१ मार्च
बर्फ! ऑफिस बंद, दुकानांतला ब्रेड गायब. किचनमधल्या प्रेसच्या (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) दारावर मोठा नकाशा चिकटवून रंगवला. सानिका म्हणाली, बाबा, लुक्स लाइक अ स्क्विश्ड डॉग. या मुलीला भूगोल नाही.
सासरे बर्फ बघायला बोलवत होते. म्हटलं, लँकेस्टर झालं की येतो. शेजारचा नोएल घेऊन गेला त्यांना. रिकामटेकडा माणूस. बरं झालं, शांतता मिळाली.

१८ मार्च. पाडवा.
मंडळात माझं भाषण. सासरे पहिल्या रांगेत. यामिनीने आगाऊपणा करून जयदीपलाही पडद्यावर बसवलेलं. बस म्हटलं, ऐक.

समारोप तर असा जमला! म्हटलं, असे मतदारसंघ नकाशे बघून जिंकता येत नाहीत. दारात जाऊन, तोंड उघडून मागावं लागतं. न मागता कुणी मत देत नाही. टाळ्या!

मग जयदीप बोलला. म्हणे, दादांचा अभ्यास दांडगा, पण तो मतदारसंघ आता नाही. कोर्टाने जानेवारीत रद्द केला, फेब्रुवारीत नवा नकाशा आला. आमचं घर आता पाचव्यात. दादांना त्याच दिवशी पाठवला होता.
हॉल खदाखदा हसला. सासरेही गालात. त्यांना आधीच माहीत होतं! हलकट कोर्ट. हलकट जयदीप. 'दादा' म्हणतो वर!

२ एप्रिल
पाचव्याचा अभ्यास सुरू. यामिनी भडकली. म्हणाली, तिकीट पुढे ढकलता येतं, त्यांचा व्हिसाही आहे, सरळ जाऊन म्हणा ना, बाबा, अधिकात इथेच राहा. मी म्हटलं, जावयाने मागायचं? मान मागून घेतात का? त्यावर ती म्हणाली, तुमचं तुम्हाला लखलाभ.

६ मे
एअरपोर्ट. सासरे आत जाताना थबकले, माझ्याकडे बघत उभे राहिले. संधी साधून सांगितलं, पाचव्यातली पक्षांतर्गत निवडणूक पंधराला आहे, लक्ष ठेवा. बरं म्हणाले. सासूबाईंनी डोळे पुसले. का, कोण जाणे.

१६ मे
फॅमिली ग्रुपवर फोटो. जयदीप पाटावर, समोर ताट, दिवा, अनारशांचा डोंगर. दात काढतोय. मी ब्राउन ब्रेड आणि लोणचं खाल्लं.

पुढचा अधिक २०२० ला. तेव्हाच अमेरिकेची जनगणना, मग परत नवे नकाशे. या वेळी वेळेवर सुरुवात करायची.

२० मे
संध्याकाळी कालव्यावर गेलो. पहिल्यांदाच. छान आहे. नोएल भेटला, प्रभाकर कसा आहे विचारलं. दोघं रोज इथे यायचे म्हणे. त्याला वाटलं होतं, प्रभाकर महिनाअखेरपर्यंत राहील. त्याची फार इच्छा होती. जावई थोरला, मान त्याचा, पण बोलवल्याशिवाय कसं राहायचं, म्हणायचा. रोज घरी जाताना सांगायचा, आज विचारेल बघ.

मी म्हटलं, विचारणारच होतो.

ग्रँड, म्हणजे आपलं बरं, म्हणाला नोएल, आणि कुत्र्याला घेऊन पुढे गेला.